घन्याचं पाणी

भरतपूरला जाऊन आलेल्या माणसाला ओळखीपाळखीचे लोक पहिला प्रश्न विचारतात, तो ठरलेला असतो. 'सायबेरियाचे क्रौंच दिसले का?' आता या प्रश्नाला कुणालाच 'हो' म्हणता येणार नाही. 2001-02 च्या हिवाळ्यात त्यांची शेवटची जोडी तिथे दिसली. त्यानंतर तो पांढराशुभ्र, तांबड्या चेहऱ्याचा पक्षी केवलादेवच्या पाण्यात उतरलेला नाही. मग दुसरा प्रश्न येतो, 'मग आता तिथे पाहण्यासारखं राहिलंय तरी काय?'

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर थोडा वेळ लागतो. कारण भरतपूरचं खरं वैभव हिवाळी पाहुण्यांइतकंच, किंबहुना त्याहून थोडं अधिकच, तिथल्या घरच्या पक्ष्यांचं आहे. चित्रबलाक, मुग्धबलाक, चमचा, शराटी, पाणकावळे, सर्पपक्षी, नाना जातींचे बगळे आणि जोडीजोडीनं फिरणारे सारस. ते दूरच्या मुलखातून येत नाहीत. इथेच घरटी बांधतात, इथेच पिल्लं वाढवतात. आणि ती वाढतात की नाही, हे एकाच गोष्टीवर ठरतं. जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याचं दार कुणी उघडलं का, आणि कुणासाठी उघडलं.

मी इतिहास शिकवणारी बाई. पक्ष्यांचं माझं ज्ञान बेताचंच. पण या उद्यानातून दोन दिवस पायी फिरले, तेव्हा मला सगळीकडे इतिहासच दिसत गेला. तोच थोडक्यात सांगते.

आधी जागा समजून घेऊ. राजस्थानच्या पूर्व टोकाला, आग्र्यापासून पन्नासएक किलोमीटरवर भरतपूर शहर आहे. त्याला लागूनच हे केवलादेव राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ जेमतेम 29 चौरस किलोमीटर, पण तेवढ्यात साडेतीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. आत केवलादेव महादेवाचं छोटं देऊळ आहे, त्यावरून हे नाव पडलं. आसपासची माणसं मात्र त्याला नुसतं 'घना' म्हणतात. घना म्हणजे दाट रान.

प्रवेशद्वारापासून एक सरळ रस्ता देवळापर्यंत जातो. आपल्या गाड्यांना ठरावीक टप्प्यापलीकडे जाता येत नाही. पुढे चालायचं, सायकल घ्यायची किंवा सायकलरिक्षा करायची. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणी पसरलेलं असतं, आणि ते पाणी मातीच्या बांधांनी तुकड्या-तुकड्यांत विभागलेलं असतं. कोकणातल्या माणसाला भातखाचरांची आठवण यावी, फक्त एकेक खाचर काही एकरांचं. या बांधांवरूनच पायवाटा गेल्या आहेत. वर बाभळींची सावली, दोन्ही बाजूंना पाणी आणि पायाखाली मऊ माती. मी गेले तो सप्टेंबर होता. बाभळीच्या एकेका झाडावर चित्रबलाकांची दहा-पंधरा घरटी, आणि पिल्लांचा असा कलकलाट की शेजारच्या माणसाशी मोठ्यानं बोलावं लागावं. खाली कमळपक्षी पानांवरून तुरुतुरु चालत होते. हळदीकुंकू बदकांची एक जोडी बांधाच्या कडेला डोळे मिटून बसली होती.

चालता चालता माझ्या लक्षात आलं ते असं. मी ज्यावरून चालत होते तो बांध माणसानं घातलेला. दोन तुकड्यांमधली लोखंडी झडप माणसानं बसवलेली. ज्या उंचवट्यांवर बाभळी उभ्या होत्या, ते उंचवटेही माणसानं माती टाकून केलेले. आपण ज्याला 'निसर्ग' म्हणून बघायला जातो, तो इथे अडीचशे वर्षं माणसाच्या हातून घडत आलेला आहे.

त्याची सुरुवात अठराव्या शतकात होते. भरतपूरच्या जाट राज्याचा सर्वांत कर्तबगार राजा म्हणजे सूरजमल. मराठी माणसाला हे नाव परकं नाही. 1754 साली याच राज्यातल्या कुम्हेरच्या किल्ल्याला मराठ्यांनी वेढा घातला होता, आणि त्या वेढ्यात मल्हारराव होळकरांचे पुत्र, अहिल्याबाईंचे पती खंडेराव मारले गेले. आणि 1761 मध्ये पानिपतावरून जे जखमी, उपाशी लोक कसेबसे परत निघाले, त्यांना अन्नवस्त्र आणि आसरा दिला तो याच सूरजमलनं. वैर विसरून केलेला हा उपकार मराठी इतिहासकारांनी कृतज्ञतेनं नोंदवून ठेवला आहे.

भरतपूरची जमीन सखल. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचं पुराचं पाणी पावसाळ्यात तिथे पसरायचं. सूरजमलच्या काळात त्या पाण्याला आवर घालण्यासाठी अजान बांध नावाचा मातीचा बंधारा घातला गेला. या बंधाऱ्यामुळे शहराजवळच्या सखल रानात पाणी सोडता येऊ लागलं आणि साचूही लागलं. घन्याच्या तळ्याचा जन्म असा झाला.

पाणी अडवणं आणि सोडणं या विद्येत भरतपूरकर तरबेज होते. त्यांचा लोहगड किल्ला मातीच्या जाडजूड तटांचा, आणि भोवती पाण्यानं भरलेला खंदक. 1805 मध्ये यशवंतराव होळकर इंग्रजांशी लढत भरतपूरच्या आश्रयाला आले, तेव्हा जनरल लेकनं या किल्ल्यावर चार वेळा हल्ला चढवला आणि चारही वेळा त्याला माघार घ्यावी लागली. पुढे 1825 च्या डिसेंबरात कंबरमियरची फौज आली, तेव्हा इंग्रज शहाणे झालेले होते. त्यांनी शहराबाहेरच्या मोती झीलचा बांध आधी ताब्यात घेतला आणि खंदकात पाणी सोडण्याची वाटच बंद केली. 1826 च्या जानेवारीत किल्ला पडला. पाण्याचं दार ज्याच्या हातात त्याचा विजय, हा धडा भरतपूरच्या मातीत असा जुना आहे.

यानंतर पाण्याला नवं काम मिळालं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानचा कारभार पाहणारे मोरवीचे हरभामजी यांनी घन्याची आखणी बदकांच्या शिकारीसाठी करून घेतली. अजान बांधापासून कालवा, आत छोटे बांध, झडपा. पाणी कुठे किती खोल ठेवायचं ते ठरवता येऊ लागलं. बदकं उतरावीत एवढं पाणी, आणि बंदूकवाल्या साहेबाला कोरड्या पायानं उभं राहता यावं अशी वाट. आज आपण ज्या पायवाटांवरून दुर्बीण घेऊन चालतो, त्यांचा मूळ हेतू हा होता.

केवलादेवाच्या देवळाजवळ लाल दगडाच्या पाट्या आहेत. त्यांवर तारीख, प्रमुख पाहुणा, मारलेले पक्षी आणि बंदुका असा हिशेब कोरलेला आहे. पहिली नोंद 1902 सालची. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, 540 पक्षी. मग आकडे वाढत जातात. 12 नोव्हेंबर 1938 रोजी लॉर्ड लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात 4273 पक्षी पडले. तेव्हाच्या दरबाराला हा पराक्रम वाटला म्हणूनच तो दगडात कोरला गेला. माझ्या शेजारी एक शाळकरी मुलगा बोटानं आकडे वाचत होता. त्यानं आईला विचारलं, 'इतने सारे खाए कैसे होंगे?' आईजवळ उत्तर नव्हतं. माझ्याजवळही नव्हतं.

पण इतिहास वाचताना एक गोष्ट मान्य करावी लागते. ही शिकारगाह नसती, तर हे तळं कदाचित केव्हाच नांगराखाली गेलं असतं. स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झालं, तेव्हा आसपासच्या शेतकऱ्यांची मागणी साधी होती. तळं कोरडं करा, जमीन आम्हाला कसायला द्या, पाणी शेतीला सोडा. अन्नधान्याच्या टंचाईचा तो काळ. मागणी गैर म्हणता येणार नाही. त्या वेळी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. सालिम अली मध्ये पडले. त्यांनी हा प्रश्न पंतप्रधान नेहरूंपर्यंत नेला आणि घना वाचला. 1956 मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला, तरी महाराजांचा शिकारीचा हक्क 1972 पर्यंत चालूच होता.

साठच्या दशकात याच तळ्यावर सोसायटीच्या माणसांनी पक्ष्यांच्या पायात हजारो कड्या अडकवल्या. कडीवर क्रमांक आणि सोसायटीला कळवण्याची सूचना. मध्य आशियात, सायबेरियात कुणाच्या हाती असा पक्षी लागला, की मुंबईला पत्र यायचं. आपल्याकडची बदकं उन्हाळ्यात जातात कुठे, याचा पुरावा अशा पत्रांतून गोळा झाला.

पुढचा काळ मानसन्मानांचा. 1981 साली रामसर करारात भारताची पहिली दोन ठिकाणं नोंदली गेली, ओडिशातलं चिलिका आणि हे केवलादेव. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान, 1985 मध्ये जागतिक वारसा. भोवती दगडी भिंत उभी राहिली. आणि इथेच या कथेतलं सर्वांत दुःखाचं पान येतं.

राष्ट्रीय उद्यानात गुरं चरू द्यायची नाहीत, असा कायदा. आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या घन्यात चरत आलेल्या. 1982 च्या नोव्हेंबरात चराई एकदम बंद झाली. कुणी समजावून सांगितलं नाही, चाऱ्याची दुसरी सोय केली नाही. लोक जमले, संघर्ष झाला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि काही गावकरी प्राणाला मुकले. देवळाजवळच्या पाटीवर मेलेल्या बदकांचा हिशेब आहे. या माणसांच्या नावाची पाटी मला कुठे दिसली नाही.

पुढे जे घडलं ते शास्त्रज्ञांनाही अनपेक्षित होतं. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं ऐंशीच्या दशकात डॉ. विजयन यांच्या नेतृत्वाखाली घन्याचा दीर्घ अभ्यास चालवला होता. म्हशी गेल्यावर पक्षी वाढतील, असा बहुतेकांचा अंदाज. झालं उलटंच. म्हशी पाण्यातलं गवत खायच्या, चिखल तुडवायच्या. त्या गेल्यावर पास्पॅलम नावाचं गवत माजलं. पाण्यावर त्याची जाड गादी तयार झाली. बदकांना उतरायला उघडं पाणी राहिलं नाही, माशांना वाढायला जागा राहिली नाही. म्हशींची बंदी या तळ्याला मानवली नाही, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी स्वच्छ शब्दांत मांडला. हाती आलेल्या पुराव्यावरून जुना समज सोडून देणं ही सोपी गोष्ट नाही. त्यांनी ती केली, याचं मला कौतुक वाटतं. नंतर गावकऱ्यांना परवाने देऊन गवत कापून नेऊ दिलं गेलं. उद्यानात माजलेली विलायती बाभूळ मुळासकट काढायची आणि लाकूड घरी न्यायचं, अशीही व्यवस्था झाली. म्हणजे ज्यांना भिंतीबाहेर काढलं, त्यांचेच हात पुन्हा लागले.

आणि ते क्रौंच? 1964-65 च्या हिवाळ्यात दोनशेच्या घरात मोजले गेलेले हे पक्षी पश्चिम सायबेरियातून, अफगाणिस्तानातल्या सरोवरांवर थांबत, सुमारे पाच हजार किलोमीटर उडून घन्यात यायचे. वाटेतली शिकार आणि आटलेली तळी यांनी त्यांचा घात केला. घन्यात त्यांना कितीही जपलं तरी तो रस्ता आपल्या हातात नव्हता.

घरच्या पक्ष्यांचं मात्र तसं नाही. त्यांचं भवितव्य पूर्णपणे आपल्या हातात आहे. चित्रबलाक घरटं बांधतो ते पाण्यात उभ्या असलेल्या झाडावर. खाली पाणी असलं की मांजर-कोल्ह्याला वर जाता येत नाही. पिल्लांना रोज मासे लागतात, तेही छोटे, उथळ पाण्यात सापडणारे. हे मासे येतात नदीच्या पुरातून. गंभीर नदीचं पाणी अजान बांधात येतं तेव्हा लाखो मत्स्यबीज त्याबरोबर येतं. कालवा उघडला की पाणी आणि अन्न दोन्ही एकदम घन्यात शिरतं. विंधन विहिरीचं पाणी उपसून तळं भरता येतं, पण त्या पाण्यात मासा नसतो.

आता गंभीर नदीवर, वरच्या अंगाला करौली जिल्ह्यात पांचना नावाचं धरण आहे. ते झाल्यापासून अजान बांधाकडे येणारं पाणी आटलं. घन्याला एका हंगामात सुमारे 55 कोटी घनफूट पाणी लागतं. आपल्या भाषेत सांगायचं तर अर्ध्या टीएमसीहून थोडं जास्त. 2004 साली पाऊस कमी झाला. पांचनाच्या शेतकऱ्यांनी पाणी सोडायला विरोध केला, सरकार त्यांच्या बाजूला झुकलं आणि घना कोरडा राहिला. विणीचा हंगाम वाया गेला. तळ्याच्या तळाला भेगा पडल्या, तिथे गुरं आणि रानडुकरं फिरू लागली. जागतिक वारशाच्या यादीतलं नाव जातं की काय, अशी चर्चा सुरू झाली. मग धावपळ झाली. 2012 च्या सुमाराला यमुनेच्या पुराचं पाणी गोवर्धन नाल्यातून नळानं आणण्याची सोय झाली. चंबळच्या पिण्याच्या पाण्याच्या योजनेतूनही थोडा वाटा मिळू लागला. तळं जगलं. पण गंभीरचं पाणी ते गंभीरचं पाणी. पांचना काठोकाठ भरलं आणि दरवाजे उघडावेच लागले, तरच ते खाली येतं.

माझा रिक्षावाला सरदारजी होता, साठीचा. पक्ष्यांची इंग्रजी, हिंदी आणि शास्त्रीय नावं त्याला तोंडपाठ. त्याला मी विचारलं, 'भैया, 2004 में आप लोगों ने क्या किया?' तो म्हणाला, 'मैडमजी, पंछी नहीं तो सवारी नहीं. शहर में रिक्शा चलाया.' पांचनाच्या शेतकऱ्यांचा राग येतो का, असंही विचारलं. त्यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, 'उनके भी बच्चे हैं.'

मला वाटतं, या प्रश्नाची खरी अवघड जागा त्या चार शब्दांत आहे. करौलीच्या शेतकऱ्याला दोष देणं सोपं, आणि पक्ष्यांसाठी पाणी मागणाऱ्यांना शौकीन म्हणणंही सोपं. दोन्हींनी काही साधत नाही. घना अडीचशे वर्षं टिकला, कारण प्रत्येक काळात त्याच्या पाण्यामागे कुणाची तरी सत्ता उभी होती. आधी राजाची, मग शिकारीच्या हौसेची, मग सालिम अलींसारख्या माणसाच्या शब्दाची. आजच्या लोकशाहीत त्या जागी लेखी हक्क हवा. धरण बांधतानाच खालच्या तळ्याचा वाटा कागदावर ठरलेला असला, तर दर जुलैत कुणाला कुणाच्या दाराशी हात पसरावा लागत नाही, आणि शेतकऱ्यालाही आपल्या ताटातलं ऐनवेळी ओढून नेलं असं वाटत नाही.

हे राजस्थानचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका. आपल्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर नांदूर मधमेश्वर आहे. त्याला कौतुकानं 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हणतात. तेही माणसाच्या हातचंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कालव्यांसाठी बंधारा घातला, त्यामागे गाळ साचत गेला आणि त्या गाळाच्या उथळ पाण्यात पक्षी उतरू लागले. 1986 मध्ये ते अभयारण्य झालं आणि 2020 च्या सुरुवातीला महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. वरच्या अंगाला नाशिकची धरणं, खालच्या अंगाला जायकवाडी. आवर्तन कधी सोडायचं, किती सोडायचं, यावरून नाशिक आणि मराठवाडा दर काही वर्षांनी भांडतात, तेव्हा वादाचं ते पाणी याच बंधाऱ्यातून पुढे जातं. या भांडणात ऊस असतो, द्राक्षं असतात, कारखाने असतात, शहरांचे नळ असतात. नांदूरच्या उथळ पाण्यात उभ्या असलेल्या चमच्यांचं आणि शराट्यांचं नाव कुणी घेत नाही.

या हिवाळ्यात तुम्ही नांदूरला गेलात, तर चापडगावच्या बाजूनं बांधावरून जरूर चाला. पक्षी मोजा, फोटो काढा. आणि परत निघताना तिथल्या माणसांना एवढं अवश्य विचारा की, यंदा पाणी कधी सुटलं आणि कधी उतरलं. ते तुम्हाला तारखेसकट सांगतील. पक्ष्यांच्या यादीशेजारी ती तारीखही लिहून ठेवा.